ठिणगीचा गोंगाट आणि अर्धवाहकाचे कान

तुमच्या घरात एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ पडून असेल, तर तो शोधून काढा आणि त्यात नवे सेल घाला. मीडियम वेव्हवर काटा अशा जागी आणा, की तेथे कोणतेच केंद्र लागत नाही, नुसती बारीक खरखर ऐकू येते. आता रेडिओ घेऊन रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, घराच्या ओट्यावर बसा.

मी हा प्रयोग घुग्घुसला केला. घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातले कोळशाचे आणि सिमेंटचे गाव. तेथील रस्त्यांवरून कोळशाने भरलेले ट्रक सतत धावत असतात. असा एखादा अवजड ट्रक समोरून गेला, की खिडक्यांची तावदाने थरथरतात. पण रेडिओला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या मागून एखादी जुनी मोपेड येते आणि रेडिओ 'टर्र टर्र' करू लागतो. मोपेडचा वेग वाढला, की टरटर जलद होते. मोपेड लांब गेली, की ती विरून जाते.

एवढा मोठा ट्रक गप्प आणि एवढीशी मोपेड बडबडी, असे का? ट्रकचे इंजिन डिझेलवर चालते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. तेथे ठिणगीचे कामच नाही. पेट्रोलच्या इंजिनात मात्र हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटविण्यासाठी स्पार्क प्लगमध्ये दर खेपेस विजेची ठिणगी पाडावी लागते. रेडिओला ऐकू आली ती ही ठिणगी.

आता एक प्रश्न विचारतो. दहा मीटरवरच्या रेडिओला जी ठिणगी ऐकू येते, ती तिच्यापासून हातभर अंतरावर बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना ऐकू येत नसेल काय? हल्लीच्या मोटारसायकलीत ठिणगी कधी पाडायची हे अशी अर्धवाहक उपकरणेच ठरवितात. त्यांनी तो गोंगाट ऐकला आणि त्यालाच हुकूम समजले, तर?

एक आचका

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, रस्त्यावर आला. माझी मोटारसायकल २०२० नंतरची आहे. त्या वर्षी १ एप्रिलपासून आपल्या देशात नव्या वाहनांना बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन संगणकाने चालणारी इंधनाची पिचकारी आली. एका पावसाळ्यात प्लगवरची टोपी, जिला सगळे 'कॅप' म्हणतात, ती तडकली. रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने ती बदलून दिली. तो म्हणाला, "सर, जुन्या कॅपमध्ये रेझिस्टन्स असते, ते करंट खाते. हा साधा कॅप टाकतो, ठिणगी जोरात येईल." ओहमचा नियम शिकविणाऱ्या मला ते पटले!

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पडोलीहून घुग्घुसकडे येत होतो. पुढे कोळशाचा ट्रक होता. त्याला ओलांडण्यासाठी मी मूठ पिळली आणि इंजिनाने आचका दिला. क्षणभर गाडीतला जीवच गेला. समोरून दुसरा ट्रक येत होता. कसाबसा ब्रेक दाबून मी पुन्हा पहिल्या ट्रकच्या मागे आलो, म्हणून आज हा लेख लिहीत आहे.

पेट्रोल ठीक होते, बॅटरी ठीक होती, प्लगही नवा होता. सावकाश चालविले, तर गाडी कुरकुरत नसे. मूठ जोरात पिळली, की मात्र आचका ठरलेला. असे का, याचे उत्तर मिळविण्यासाठी आधी ठिणगीची ओळख करून घेऊ.

ठिणगी म्हणजे छोटे प्रक्षेपण केंद्र

१८८७ मध्ये जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली, तेव्हा काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीतही एक बारीकशी ठिणगी पडली. दोघांना जोडणारी तार नव्हती. विद्युतचुंबकीय लहरींनी हे काम केले होते. जगातली पहिली रेडिओ प्रक्षेपण यंत्रे ठिणगीचीच होती.

ठिणगी पडते त्या क्षणी काय होते? प्लगच्या फटीत सुमारे दहा ते वीस हजार व्होल्टचे विभवांतर तयार होते. हवेचा रोध मोडतो आणि ते विभवांतर काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, कोसळते. विजेत इतका झटपट बदल झाला, की अनेक वारंवारतांच्या लहरी एकदम बाहेर पडतात. म्हणून रेडिओचा काटा कोठेही असला, तरी टरटर ऐकू येतेच. रेडिओतील अशा व्यत्ययाचे नियम ठरविण्यासाठी १९३४ मध्ये 'सिस्पर' नावाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

त्या काळी तक्रार फक्त रेडिओ ऐकणाऱ्यांची होती. खुद्द गाडीला स्वतःच्या ठिणगीचा त्रास नव्हता. याचे कारण फार साधे आहे.

पॉईंटला कान नव्हते

ठिणगीसाठी एवढे विभवांतर १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते कसे? इग्निशन कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला, की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. समजा, या वेटोळ्याचे स्वप्रवर्तन ४ मिलिहेन्री आहे. मग प्रवाह ५ अँपिअरपर्यंत चढायला सुमारे २ मिलिसेकंद लागतात आणि चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा असते अर्धा गुणिले ०.००४ गुणिले ५ चा वर्ग, म्हणजे ०.०५ ज्यूल. आता हा प्रवाह एकदम तोडला, की क्षेत्र कोसळते. पहिल्या वेटोळ्यात सुमारे ४०० व्होल्ट निर्माण होतात आणि दुसऱ्या वेटोळ्यात ७५ पट फेरे असतील, तर तेथे ३० हजार व्होल्टपर्यंत मजल जाऊ शकते. लक्षात ठेवा: ठिणगी पडते ती प्रवाह सुरू करताना नव्हे, तोडताना.

हा प्रवाह तोडण्याचे काम पूर्वी 'पॉईंट' करीत असत. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम दोन धातूच्या टिकल्यांना दूर ढकलत असे. तुमच्या आजोबांकडे जुनी स्कूटर असेल, तर पॉलिश पेपरने पॉईंट घासणे आणि त्यांच्यातली फट नेमकी करणे ही कामे त्यांना नक्की आठवत असतील. टिकल्या जळत, झिजत, ठिणगीची वेळ चुके. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. कितीही विद्युत गोंगाट झाला, तरी लोखंडी कॅम त्यामुळे जागचा हलत नाही. पॉईंटला कान नव्हते.

मग टिकल्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले. हल्ली या कामासाठी पुष्कळदा आयजीबीटी हा अर्धवाहक स्विच वापरतात. तो विकसित करण्यात आयआयटी मद्रासचे पदवीधर आणि अमेरिकेत संशोधन करणारे बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. त्यांना २०२४ मध्ये मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. हा स्विच झिजत नाही, हजारो वेळा नेमक्या क्षणी प्रवाह तोडतो. त्याला हुकूम द्यायला बोटाची किंवा कॅमची गरज नसते. त्याच्या 'गेट' नावाच्या टोकावर थोडा विद्युतभार ठेवला की तो चालू होतो, काढला की बंद. पण हुकूम इतका हलका असला, की तो खोटाही सहज देता येतो. अर्धवाहकाने अचूकता आणली आणि तिच्याबरोबर कानही आणले.

एका पिकोफॅरडचा हिशेब

हा धोका किती मोठा आहे? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

प्लगची जाड वायर आणि गेटकडे जाणारी बारीक तार एकमेकींजवळून गेल्या, तर त्या दोघी मिळून एक नकळत तयार झालेले धारित्र, म्हणजे कंडेन्सर, होतात. त्याची धारिता फार थोडी असते. ती केवळ १ पिकोफॅरड धरू. ठिणगी पडताना जाड वायरीवरील विभवांतर १० हजार व्होल्टनी कोसळले. विद्युतभार म्हणजे धारिता गुणिले विभवांतर. उत्तर येते १० नॅनोकूलंब. एवढा विद्युतभार बारीक तारेवर ढकलला जातो.

गेटची स्वतःची धारिता १ नॅनोफॅरडच्या आसपास असते. सारा भार तेथे पोहोचला, तर गेटवर १० नॅनोकूलंब भागिले १ नॅनोफॅरड, म्हणजे १० व्होल्टचा धक्का बसेल. गेट जागे व्हायला मात्र सुमारे २ व्होल्ट पुरतात! डोळ्यांना न दिसणारे एका पिकोफॅरडचे धारित्र असा घोटाळा करू शकते.

उपाय हिशेबातच दडलेला आहे. गेटजवळ १० नॅनोफॅरडचे धारित्र जोडू. आता तोच भार ११ नॅनोफॅरडमध्ये वाटला जाईल आणि धक्का ०.९ व्होल्टचा उरेल. गेट झोपलेलेच राहील. पेल्यात ओतलेले पाणी काठावरून सांडते, तेच बादलीत ओतले तर तळही भिजत नाही, तसा हा प्रकार आहे.

कान किती झाकायचे?

मग बादली आणखी मोठी का करू नये? कारण खऱ्या हुकुमालाही तीच बादली भरावी लागते. हुकूम १ किलोओहमच्या रोधातून येत असेल आणि धारित्र १० नॅनोफॅरडचे असेल, तर दोघांचा गुणाकार १० मायक्रोसेकंद होतो. हुकूम पोहोचायला साधारण इतका उशीर लागतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदात १०० फेरे, म्हणजे ३६,००० अंश फिरते. १० मायक्रोसेकंदांत ते ०.३६ अंश फिरेल. एवढा उशीर चालतो. तो ठरावीक असल्याने आधीच हिशेबात धरता येतो.

आता कोणी अतिसावध होऊन १ मायक्रोफॅरडचे धारित्र लावले, असे समजा. उशीर शंभरपट होईल, म्हणजे १ मिलिसेकंद. तेवढ्यात इंजिन ३६ अंश पुढे गेलेले असेल! ठिणगी पडेल तेव्हा तिची वेळ टळून गेलेली असेल. गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोळे घातले आणि मास्तरांनी पुकारलेले नावही ऐकू आले नाही, अशी गत होईल. प्रश्न कान बंद करण्याचा नाही. काय ऐकायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ओळखण्याचा आहे.

दोन उंबरठे

ठिणगीची वेळ ठरवायला संगणकाला पिस्टन कोठे आहे हे कळावे लागते. त्यासाठी इंजिनाच्या फिरत्या चाकावर दाते असतात आणि एका जागी दाता मुद्दाम गाळलेला असतो. प्रत्येक दाता शेजारून गेला, की संवेदक एक विद्युत स्पंद पाठवितो. संगणक दाते मोजतो आणि गाळलेल्या जागेवरून फेरा कोठे सुरू झाला ते ओळखतो. गोंगाटाचा एक खोटा स्पंद यात मिसळला, तर मोजणी चुकते. मोजणी चुकली हे लक्षात आले, की संगणक चुकीच्या वेळी ठिणगी पाडण्यापेक्षा ती थांबवितो आणि पुन्हा गाळलेली जागा सापडेपर्यंत वाट पाहतो. तोच तो आचका.

स्पंद आला की नाही, हे ठरवायला एक पातळी नेमावी लागते. समजा, २ व्होल्टच्या वर 'आहे' आणि खाली 'नाही'. पण स्पंद वर चढताना त्यावर थोडी थरथर असली, तर तो २ व्होल्टच्या रेषेवर दोन-चार वेळा खाली-वर होईल आणि एका दात्याचे चार दाते मोजले जातील. यावर तोड सुचविली ओटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने. म्हाकूळ या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंतून संदेश कसे जातात, याचा तो अभ्यास करीत होता. १९३८ मध्ये त्याने आपले मंडल प्रसिद्ध केले. आज त्याला श्मिट ट्रिगर म्हणतात.

त्याची युक्ती अशी: एकाऐवजी दोन उंबरठे ठेवायचे. 'आहे' म्हणण्यासाठी ३ व्होल्टच्या वर जायला हवे. पण एकदा 'आहे' म्हटले, की १ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय 'नाही' म्हणायचे नाही. मधल्या २ व्होल्टच्या पट्ट्यात कितीही थरथर झाली, तरी निकाल बदलत नाही. घरातला फ्रिज असेच करतो. तो आतली हवा तापली की सुरू होतो, पण किंचित गार झाली म्हणून लगेच थांबत नाही. चांगली गार होऊ देतो. असे नसते, तर तो दर मिनिटाला चालू-बंद झाला असता.

याशिवाय संगणक वेळापत्रकही पाहतो. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा असताना पाचव्या मिनिटाला घंटा वाजली, तर तुम्ही दप्तर उचलता काय? कोणीतरी खोडी काढली, हे तुम्ही ओळखता. इंजिनाचे जड चाक एका दात्याच्या अवधीत एकाएकी दुप्पट वेगाने फिरू शकत नाही. म्हणून वेळेच्या फार आधी आलेला स्पंद खोटा ठरवून सोडून दिला जातो.

कोणती चूक अधिक वाईट?

गोंगाटाने स्विच चुकून चालू झाला, तर काय होईल? प्रवाह एकदम चढत नाही, हे आपण पाहिले. १० मायक्रोसेकंदांत तो फार तर ०.०३ अँपिअर होईल. त्याची ऊर्जा इतकी क्षुल्लक, की तिच्याने मिश्रण पेटणार नाही. कॉइलच येथे आपले रक्षण करते.

पण प्रवाह ३ अँपिअरपर्यंत चढलेला असताना गोंगाटाने स्विच क्षणभर बंद झाला, तर? साठलेली ऊर्जा असते १८ मिलिज्यूल. मिश्रण पेटवायला ती पुरेशी आहे. ठिणगी वेळेआधी पडेल, पिस्टन वर येत असतानाच त्याच्यावर उलटा दाब येईल. अशा ठोक्यांनी इंजिनाचे भाग निकामी होऊ शकतात. एकाहून अधिक प्लग असलेल्या इंजिनांत एका प्लगची ठिणगी दुसऱ्या कॉइलच्या प्रवाहात असा घोळ घालू शकते. म्हणून स्विचला 'बंद' हा हुकूम विशेष काळजीने तपासून पाहावा लागतो.

आणि स्विच चुकून चालूच राहिला, तर कॉइल तापून जळेल. यावर अर्धवाहक तयार करणाऱ्यांनी सुंदर उपाय योजला आहे. ठरावीक काळाहून अधिक वेळ प्रवाह चालू राहिला, की काही स्विच स्वतःच तो बंद करतात, पण एकदम नव्हे, हळूहळू. प्रवाह सावकाश उतरला, की मोठे विभवांतर तयार होत नाही आणि भलत्या वेळी ठिणगी पडत नाही.

रस्ता वेगळा हवा

गोंगाट येण्याची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे अर्थिंगची तार. साधारण एक मीटर तारेचे स्वप्रवर्तन १ मायक्रोहेन्रीच्या आसपास असते. ३० सेंटिमीटर तारेतून १ अँपिअर प्रवाह १० नॅनोसेकंदांत वाढला, तर तिच्या दोन टोकांत ३० व्होल्टचे विभवांतर तयार होते! ज्या तारेला आपण शून्य व्होल्ट समजतो, तीच क्षणभर उसळते. याच तारेवरून संवेदकाचा नाजूक संदेशही परत येत असेल, तर त्याचा निभाव कसा लागणार? रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली, की त्यात शाळेच्या मुलांच्या सायकलीही अडकतात, हे घुग्घुसच्या मुलांना सांगायला नको. उपाय दोन्हीकडे एकच: सायकलींना वेगळा रस्ता. म्हणून कॉइलच्या जड प्रवाहाची परतीची तार वेगळी आणि संदेशाची वेगळी ठेवतात. संवेदकाच्या दोन तारा अनेकदा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम एका पिळात एका दिशेने आणि पुढच्या पिळात उलट दिशेने होतो आणि बेरीज जवळजवळ शून्य येते.

उगमापाशी लगाम

आता माझ्या मोटारसायकलीकडे परत येऊ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर लावून मी दोन कॅप मोजल्या. तडकलेल्या जुन्या कॅपचा रोध सुमारे ५ किलोओहम, नव्या साध्या कॅपचा जवळजवळ शून्य! जुन्या कॅपच्याच जातीची रोध असलेली दुसरी कॅप आणून बसविली आणि आचके थांबले. रेडिओनेही साक्ष दिली. साध्या कॅपने तो मोठ्याने टरटरत होता. रोध असलेल्या कॅपने त्याचा आवाज पुष्कळ उतरला.

हा रोध काय करतो? ठिणगी पडते त्या पहिल्या क्षणी वायरीत साठलेला विद्युतभार फटीतून धाव घेतो. अडविणारे कोणी नसेल, तर काही नॅनोसेकंदांपुरता हा प्रवाह अनेक अँपिअरचा होतो आणि वायरीत पुढेमागे हेलकावे खातो. तोच खरा गोंगाट. ५ किलोओहम रोध मध्ये असेल, तर १५ हजार व्होल्टलाही ३ अँपिअरहून अधिक प्रवाह सोडता येत नाही आणि हेलकावे लगेच विरतात. रोध फटीच्या जितका जवळ, तितका गुणकारी. म्हणून काही प्लगच्या पोटातच तो बसविलेला असतो.

मूठ पिळल्यावरच आचका का, तेही आता उलगडते. मूठ पिळली, की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि दाब वाढतो. दाबलेल्या हवेचा रोध मोडायला अधिक विभवांतर लागते. विभवांतर अधिक, म्हणजे कोसळणेही मोठे आणि गोंगाटही मोठा. गाडीला सर्वांत जास्त जोर हवा असतो, नेमका त्याच वेळी हा गोंगाट शिगेला पोहोचतो.

मेकॅनिकचे म्हणणे अगदीच खोटे होते काय? नाही. ठिणगी पडल्यानंतर सुमारे १ मिलिसेकंद प्लगमधून थोडा प्रवाह वाहतो. तो ५० मिलिअँपिअरपासून हळूहळू शून्यावर येतो असे धरले, तर ५ किलोओहमचा रोध सुमारे ४ मिलिज्यूल ऊर्जा खातो. आपल्याकडे ५० मिलिज्यूल होते. म्हणजे रोध 'करंट खातो' हे खरे, पण दहा टक्क्यांहून कमी, आणि त्याच्या बदल्यात शांतता देतो. पॉईंटच्या काळातल्या गाडीला ही शांतता नको होती, म्हणून तेव्हा तो सल्ला चालून जात असे. कान असलेल्या गाडीला तो चालत नाही. चूक एकट्या मेकॅनिकची नव्हती. हिशेब न करता मान डोलाविणाऱ्या माझीही होती.

परीक्षा गाड्यांचीही

नवे वाहन रस्त्यावर येण्यापूर्वी त्याचे कान तपासले जातात. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था अशा चाचण्या करते. त्यासाठी एक खास खोली असते. तिच्या भिंतींवर लहरी शोषून घेणारे सुळके बसविलेले असतात, त्यामुळे आतली लहर भिंतीवर आपटून परतत नाही. तेथे दोन प्रश्न विचारले जातात. गाडी स्वतः किती गोंगाट करते? आणि तिच्यावर मुद्दाम रेडिओलहरींचा मारा केला, तर ती आपले काम न चुकता करते काय? आंतरराष्ट्रीय नियमांत हा मारा मीटरला ३० व्होल्ट इतक्या तीव्रतेचा असतो. चांगला शेजारी स्वतः आरडाओरडा करीत नाही आणि दुसऱ्याच्या आवाजाने बिथरतही नाही. गाडीकडूनही तीच अपेक्षा आहे.

पण एक लक्षात घ्या. परीक्षा होते ती कारखान्यातून आलेल्या गाडीची. पुढे आपण तिच्यात साधी कॅप घातली, अर्थिंगची तार सैल सोडली किंवा भडक दिव्यांसाठी संदेशाच्या तारेला जोड दिला, तर ती उत्तीर्ण झालेली गाडी राहत नाही.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने गॅरेजमधून जुने प्लग आणि कॅप मिळवा. गाडीवर बसविलेल्या कॅपला हात लावू नका. चालू इंजिनाच्या प्लगमध्ये हजारो व्होल्ट असतात. सुट्या प्लगच्या वरच्या टोकापासून आतल्या मधल्या टोकापर्यंतचा रोध मल्टिमीटरने मोजा. प्लगवरच्या क्रमांकात 'आर' हे इंग्रजी अक्षर असेल, तर बहुधा काही हजार ओहम दिसतील. नसेल, तर जवळजवळ शून्य. मग ओट्यावर बसून रेडिओवर तासाभरात कोणकोणती वाहने ऐकू आली, याचा तक्ता करा: ट्रक, जुनी मोपेड, नवी मोटारसायकल, विजेची रिक्षा. आभाळात ढग गडगडत असताना किंवा उच्च दाबाच्या वाहिनीखाली हा प्रयोग करू नका. वीज चमकतानाची आणि त्या वाहिन्यांची खरखर वाहनांच्या टरटरीत मिसळेल. शिवाय गडगडाट असताना उघड्यावर थांबणेच धोक्याचे असते.

जाता जाता इतिहासातली एक गोष्ट सांगतो. ठिणगीपासून निघालेल्या लहरी पकडण्यासाठी जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहकापासून बनविलेल्या उपकरणाचे हे अगदी आरंभीचे पेटंट समजले जाते. म्हणजे अगदी आरंभीच्या काळात अर्धवाहक कामाला लागला, तो ठिणगीचा आवाज ऐकण्यासाठी! आज त्याच अर्धवाहकाला ठिणगीशेजारी बसूनही तिच्याकडे दुर्लक्ष करायला आपण शिकवीत आहोत.

पुढच्या वेळी मोटारसायकल समोरून गेली आणि तुमचा रेडिओ गप्प राहिला, तर तो बिघडला असे लगेच समजू नका. त्या गाडीच्या प्लगवर पाच हजार ओहमचा एक लहानसा रोध आपले काम चोख करीत असेल.